खेटा

खेटा पुरा झाला. आता बसा.

रात्री घर सोडलंत तेव्हापासून पाय चालतायत. पंचगंगेचा घाट, वडणगे, निगवे, कुशिरे, मग गायमुखाकडचा चढ. ज्योतिबाचं दर्शन झालं, कपाळावर गुलाल आला, हातात खोबऱ्याचा तुकडा आहे. आता देवळाच्या आवारातून बाहेर या. पेढे, नारळ, गुलालाची दुकानं मागं टाका. चहा प्यायचा असेल तर आत्ताच प्या, पुढं तासभर उठायचं नाही. डोंगराच्या उत्तरेच्या कडेला एखादा खडक शोधा. काळाच असेल. देवळाच्या दगडाचाच भाऊबंद तो, फक्त त्याला कुणी छिन्नी लावली नाही.

डोळे मिटू नका. मनन म्हटलं की डोळे मिटून श्वास मोजायचे, अशी हल्ली रीत पडली आहे. चढ चढून आलाय, श्वास येतोच आहे, त्याला मोजणीदार नको. आज आपल्याला एक बेत आखायचाय आणि बेत उघड्या डोळ्यांनी आखलेला बरा.

बेत चांदोलीला जायचा. सह्याद्रीतलं राष्ट्रीय उद्यान. पण ते पुढं. आधी बघा, बसलाय कुठं.

गाभाऱ्यातला देव दक्षिणेकडं, कोल्हापूरकडं तोंड करून उभा आहे. तुम्ही बसलात ते त्याच्या पाठीशी. डाव्या हाताला पन्हाळ्याची लांबट कड. समोर खाली उसाचं हिरवं, मधूनच धुराची एक रेघ, कोडोली-वारणानगरची वस्ती आणि त्यापलीकडं झाडोऱ्यात लपलेली वारणा. नदी दिसेलच असं नाही. माघात सकाळ धुरकट असते. दिसली नाही तरी ती तिथं आहे हे ठाऊक असू द्या, तेवढं पुरे.

हा डोंगर दोन नद्यांच्या मधला. तुमच्या पाठीमागं पडलेलं पावसाचं पाणी पंचगंगेला जातं, पुढ्यात पडलेलं वारणेला. दोघी अखेर कृष्णेलाच मिळतात. वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. एका खडकाच्या दोन अंगांना पडलेले दोन थेंब इतक्या लांब जाऊन भेटतात. या विचारावर थोडं थांबा. घाई नाही.

आता नजर वायव्येला न्या. पन्हाळ्याच्या उजव्या अंगाला, जिथं डोंगरांच्या घड्या एकीमागं एक फिकट होत जातात तिकडं. सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर वारणेचा उगम आहे, तिथंच चांदोली. दिसणार काहीच नाही. निळसर धूसर पट्टा, तोही मनाचाच खेळ असेल. पण ज्या नदीच्या खोऱ्याकडं तुम्ही पाहताय तिचं पाणी त्याच रानातून येतं. हा धागा हातात धरून ठेवा.

तुम्ही आज चालत का आलात, तेही आठवा. गोष्ट आजीनं सांगितलेली असते. रत्नासुर मारला, कोल्हासुराच्या लढाईत अंबाबाईला हात दिला, देवाचं इथलं काम संपलं. केदारनाथ, म्हणजेच ज्योतिबा, परत उत्तरेला, हिमालयात निघाला. अंबाबाईला कळलं तशी ती करवीरातून अनवाणी या डोंगरापर्यंत चालत आली आणि तिनं त्याला थांबवलं. त्या चालण्याची आठवण म्हणून माघात सुरू होणारे पाच रविवारचे खेटे. एक नव्हे, पाच.

म्हणजे या क्षेत्राच्या मुळाशी एक रद्द झालेला प्रवास आहे. पर्वताकडं निघालेल्याला इथं अडवलं गेलं आणि तो राहिला. पर्वताला जायचा बेत आखायला याहून चांगली जागा सापडायची नाही. किंवा याहून वाईट.

'खेटा' हा शब्द आता जरा तोंडात घोळवा. देवाच्या बाबतीत तो पुण्याचा. कचेरीच्या बाबतीत तोच शब्द वैतागाचा. 'सहा खेटे घातले, साहेब जागेवर नाहीत.' एका शब्दात दोन्ही कसं मावलं? दोन्हीकडं माणूस हाती काही लागेल याची खात्री नसताना जातो. आणि पुन्हा जातो. पायपीट तीच. फरक इतकाच की एकीकडं रिकाम्या हातानं परतलेला माणूस पुढच्या रविवारी आपणहून निघतो, दुसरीकडं त्याला निघावं लागतं.

सहलीचं तसं नसतं. सहल वसूल करायची असते.

मी चांदोलीला पहिल्यांदा गेलो तो वसूल करायलाच. एक गाडी, पाच माणसं, डिकीत दोन दिवसांचं खाणं आणि मोबाइलमध्ये वाघाची छायाचित्रं, म्हणजे दिसला तर ओळखू यावा. दिवसभरात एक सांबर, तेही पाठमोरं. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी विचारलं, 'काय बघितलंस?' मी म्हणालो, 'काही नाही.' आज हे लिहिताना त्या 'काही नाही'ची लाज वाटते. त्या दिवशी मी जांभळाच्या सावलीखालून तासभर गेलो होतो, धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा अंगावर घेतला होता, पायाखालचा जांभा बुटाला तांबडा रंग लावत होता. पण यादीत ते नव्हतं.

तेव्हा बेत आखायचा तर आधी यादी खाली ठेवा. खरंच. खिशात कागद असेल तर तो त्या खोबऱ्याच्या तुकड्याखाली ठेवा, वाऱ्यानं उडणार नाही. नंतर लागेल.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. 'चांदोली' हा शब्द शेवटचा कधी ऐकलात?

बहुतेक पावसाळ्यात. 'चांदोली किती भरलं?' कृष्णा-वारणाकाठच्या माणसाला चांदोली म्हणजे एक आकडा. धरणाची क्षमता 34.40 टीएमसी, आणि श्रावणात त्यातलं किती भरलं, विसर्ग किती क्युसेकनं वाढवला, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पूर आला तेव्हा हे आकडे लोकांनी रात्र रात्र जागून ऐकले. जनावरं सोडवायची का, माळ्यावर धान्य चढवायचं का, हे त्या आकड्यावर ठरत होतं. आकडा कुठून येतो, हे कुणाच्या मनात यावं अशी ती वेळ नव्हती.

आता ती वेळ आहे. माघ आहे, नदी शांत आहे. त्या आकड्याच्या मागं जा.

मनानंच चाला. कोडोलीच्या खालून वारणेच्या काठानं, पाण्याच्या उलट्या दिशेनं. काही अंतर नुसता ऊस. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकाराची ही पट्टी, इथली हिरवळ खतापाण्याची आणि हिशेबाची आहे. इथं रेंगाळू नका, ही जमीन तुम्हाला घरच्यासारखी ठाऊक आहे. वर वर जात राहा. कोकरूड येतं, मग चरण, मग आरळा. खोरं दोन्ही बाजूंनी आवळत येतं. ऊस मागं पडतो, भाताची खाचरं दिसू लागतात, घरांची छपरं उतरती होत जातात. यावरूनच कळतं की वर पाऊस वाढतोय. नकाशा नसला तरी चालेल, छपरं बघत जा. वारणावतीपाशी धरणाची भिंत आडवी येते. त्यामागचं पाणी म्हणजे वसंतसागर. आणि त्या पाण्याच्या कडेनं वर जो हिरवा-काळा दाटवा सुरू होतो, ते चांदोली.

इथं थांबा. आत शिरायची घाई करू नका. दारात उभं राहिल्यावर आधी पाटी वाचायची असते.

पाटीवर 'राष्ट्रीय उद्यान' असं लिहिलेलं. हा शब्द मला कधीच पटला नाही. उद्यान म्हटलं की आपल्याला पाळणे, घसरगुंडी आणि 'हिरवळीवर बसू नये' आठवतं. कायद्यातला अर्थ मात्र कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं अभयारण्यात माणसाचे काही हक्क शिल्लक राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत, कुणाची मालकी उरत नाही. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र 317.67 चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या शिवा इथं एकमेकींना टेकतात. 2010 मध्ये उत्तरेचं कोयना अभयारण्य आणि हे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्राची चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. इतक्या पाट्या. एकीवर एक लावल्या तरी त्यामागचं रान तेच.

आपल्याकडं याहून जुनी एक पाटी होती, न लिहिलेली. देवराई. तिथली वाळकी काडीसुद्धा न विचारता उचलायची नाही, हा नेम. विचारायचं कुणाला? देवाला. देव बोलत नाही, म्हणून विचारता विचारता माणूस स्वतःच थांबायचा. आज उद्यानाच्या मणदूर नाक्यावर नोंद करावी लागते, शुल्क भरावं लागतं, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला त्या नोंदवहीत देवराईचं ते विचारणं दिसतं. तुमचं नाव, गाव, किती जण, कशासाठी. शेवटच्या रकान्यात लोक 'पर्यटन' लिहितात. तुम्ही काय लिहाल, ते इथं बसल्या बसल्या ठरवा. लिहायचं 'पर्यटन'च, वाद घालायचा नाही. पण मनात काय, ते ठरवा.

थोडा वेळ गप्प बसा.

देवळाकडून ढोलाचा आवाज येत असेल. 'चांगभलं'ची आरोळी उठेल, तिला दुसरीकडून जाब मिळेल. ऐका. हा डोंगर आवाजाचा आहे. चैत्री पौर्णिमेला तर इथं दगडालाही गुलाल लागतो, गावोगावच्या सासनकाठ्या नाचत येतात आणि माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मला ते आवडतं. देवाशी मोठ्यानं बोलावं, असं ज्या समाजाला वाटतं तो निरोगी समाज आहे असं माझं मत आहे.

पण चांदोलीला जाताना यातलं काय न्यायचं आणि काय इथंच ठेवायचं?

आवाज ठेवायचा. गुलालाचा सदराही ठेवायचा, तो धुतला तरी गुलाबीच राहतो. तिथं मातकट, हिरवट, मळखाऊ कपडे. अत्तर नको, अगरबत्तीचा वास लागलेली पिशवी नको. आपल्याला वास येत नाही म्हणजे तो नाही, असं समजू नका. सांबराचं नाक तुमच्या नाकाचं ऐकत नाही.

न्यायचं काय, तर सासनकाठीची शिस्त. लांबून बघणाऱ्याला ती नुसती नाचणारी काठी वाटते. जवळून बघा. घरादाराहून उंच कळक, तो तोलून धरणारा एक जण, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरणारे बाकीचे. कुणी दोरी किती सैल सोडायची, कधी ओढायची, खांदा कुठं बदलायचा, भाकरी कुणाच्या घरून, मुक्काम कुठल्या देवळात, सगळं आधी ठरलेलं असतं. साताऱ्याकडच्या पाडळीची काठी मानाची पहिली. ती इथवर येते तेव्हा तिच्या मागं किती दिवसांचा बेत असतो! आणि तो बेत कसला? डोंगरावरच्या एका देवाला काठी टेकवून परत जायचं. काही आणायचं नाही. बेत आखायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपण तो वसुलीला जुंपला, एवढीच चूक.

तर आता कागद घ्या. खोबऱ्याचं तेल लागलं असेल, असू द्या.

केव्हा जायचं? पावसाळ्यात दार बंद असतं, ते बरंच आहे. त्या महिन्यांत तिथं माणसाचं काम नाही. जळवांचं आहे. पाऊस सरून वाटा उघडतात तेव्हा गवत पुरुषभर असतं, जनावर दहा हातांवर असलं तरी दिसत नाही. माघ-फाल्गुनात गवत वाळतं, पाणवठे आक्रसतात. उन्हाळ्याच्या तोंडाला अंजनी निळ्याजांभळ्या फुलांनी फांदीभर लगडते. पुढं करवंदं, जांभळं, आणि जांभळावर अस्वल. कारवी सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. ती धरायची असेल तर बेत महिन्यांचा न राहता वर्षांचा होतो. कुठला महिना निवडाल? ज्यात सगळ्यात जास्त दिसतं तो निवडायचा मोह होईल. होऊ द्या. मग त्याच्या शेजारी आणखी एक महिना लिहा, ज्यात काही दिसायची शाश्वती नाही. दोन्ही ठेवा.

कसं जायचं? कोल्हापुरातून ऐंशीएक किलोमीटर. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत मणदूर. वेळा नि दर बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी वन्यजीव विभागाच्या कचेरीत फोन करून विचारा. नुसतं गाडीत बसून 'जाऊन बघू' म्हणू नका.

किती जणांनी? चार. पाचवा नेहमी गाणी लावतो.

खायला भाकरी, खर्डा, एखादा कांदा, फडक्यात बांधून. कोल्हापूरकराला रान दिसलं की चूल आठवते, तीन दगड मांडून तांबड्या रश्शाची तयारी. ते इथं चालत नाही. माघानंतरच्या वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि वणवा लागला की तो कुणाच्या जिल्ह्याची शीव बघत नाही. फडकं परत आणा. कांद्याचं सालही.

कागद पुन्हा खाली ठेवा. एवढाच बेत होता. बाकीचं कागदावर मावत नाही.

आत चला.

पाण्याच्या कडेनं रस्ता वर चढतो. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. झाडं फार उंच नाहीत, पण डोक्यावर फांद्यांनी एकमेकींचे हात धरलेले, त्यामुळं खाली हिरवा उजेड. वर कुठंतरी शेकरू बोलते. राज्याचा मानाचा प्राणी, पण बोलणं भांडखोर. तिची ती टकटक झाडाझाडांतून पुढं पुढं जाते, म्हणजे तुम्ही आल्याची बातमी तुमच्या आधी पोचते. बातमी पोचू द्या. थांबा. रानात थांबलेल्या माणसाची बातमी काही वेळानं शिळी होते.

मग झाडी एकदम सरते आणि सडा लागतो. झोळंबीचा सडा. तांबड्या जांभ्याचं उघडं पठार, वाऱ्याला आडोसा नाही. या जांभ्याच्या पोटात बॉक्साइट असतं, म्हणूनच उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या अशा सड्यांवर खाणींची नजर आहे. पावसात इथं बोटभर उंचीची रानफुलं उगवतात. माघात नुसता दगड. लोक म्हणतात, इथं बघायला काय आहे? खाली बसा. दगडावर हात ठेवा. पावसाळ्यात हा दगड पाणी पितो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना थोडं थोडं परत देतो. ते झरे वारणेत, वारणा कोडोलीखालून. तुम्ही सकाळी वायव्येला बघत होता ते हेच.

झोळंबी. हे नाव पठाराला कुठून आलं?

गावावरून. झोळंबी हे गाव होतं. आज ज्याला आपण निर्जन म्हणतो त्या हद्दीत घरं होती, खळी होती, ग्रामदैवतं होती. धरण झालं, अभयारण्य झालं, राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावं उठवली. त्यांच्या खाचरांची आज कुरणं झाली आहेत, त्यांत गवे चरतात. वन्यजीवांच्या दृष्टीनं हे चांगलं झालं, आणि ते खरंही आहे. मोकळ्या झालेल्या गवतावर गवा-सांबर वाढलं तरच मोठं जनावर टिकतं. हे खरं मान्य करा. मग दुसरंही खरं समोर घ्या. रानात चालताना आंब्याचं झाड दिसलं की नीट बघा. एकटं असेल तर रानाचं. दोन-तीन ओळीत असतील तर ती कुणीतरी लावलेली आहेत. त्यांच्या जवळपास कुठंतरी जोतं असणार. त्या जोत्यावर बसू नका. कुणाच्या ओसरीवर आपण न विचारता बसत नाही.

जगभर हे असंच झालं आहे. अमेरिकेत 1872 साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं, तिथंही आधीपासून राहणाऱ्या आदिवासी जमातींना बाहेर काढलं गेलं आणि मग ती भूमी 'अस्पर्श' म्हणून दाखवली गेली. अस्पर्श हा शब्द माझ्या शब्दकोशातून मी काढून टाकला आहे.

इथल्या माणसांना खाली जमिनी द्यायच्या ठरल्या. काहींना मिळाल्या, काहींना मिळाल्या त्या पिकाऊ नव्हत्या, काहींचे कागद फिरत राहिले. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या बरोबर ही माणसं कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढं दिवसचे दिवस ठिय्या देऊन बसली. तिथं त्यांनी घातले तेही खेटेच. पाच रविवारांत संपणारे नव्हेत. अंबाबाई एकदा चालत आली आणि देव थांबला. यांच्यासाठी कोण थांबलं, हे मी तुम्हाला सांगत नाही, मला नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही फक्त एवढं आठवा: आज पहाटे कुशिऱ्याच्या पुढं चढावर, तुमच्या समोर एक म्हातारे बाबा चालले होते. डोक्याला टॉवेल, हातात काठी. तुम्ही त्यांना 'रामराम बाबा' म्हणालात. त्यांनी 'चांगभलं' म्हटलं. गाव कुठलं, विचारलं होतंत?

इथं जितका वेळ लागेल तितका घ्या.

ऊन आता खडकावर आलं असेल. थोडं सरका, सावलीला.

एक खेटा अजून आहे, तो माणसाचा नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये राधानगरीच्या जंगलात, म्हणजे तुमच्या पाठीमागं दक्षिणेला, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यापुढून एक वाघ गेला. 2023 च्या डिसेंबरमध्ये चांदोलीतल्या कॅमेऱ्यापुढून एक वाघ गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले. माणसाच्या बोटाचे ठसे तसे वाघाचे पट्टे, दोघांचे सारखे नसतात. तोच वाघ होता. शंभरेक किलोमीटरचं अंतर. मधे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य नाही. विशाळगडाकडची, आंबा घाटाकडची जंगलं, मधले सडे, शेतं, रस्ते. ही साखळी तुटू नये म्हणून अलीकडं विशाळगड, पन्हाळगड अशा जंगलांना 'संवर्धन राखीव' म्हणून नवी नावं मिळाली. वाघाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. तो गेला तो तुमच्या डाव्या हाताच्या डोंगरांतून गेला असणार. पन्हाळ्याच्या पलीकडून, रात्री, कुणाच्या कुत्र्याच्या भुंकण्याला वळसा घालून.

त्याला कुणी सांगितलं होतं पलीकडं रान आहे म्हणून? त्याचा बेत काय होता? आपण म्हणतो तो नवा मुलूख शोधत होता, मादी शोधत होता. असेल. चांदोलीत तेव्हा मादी होती की नाही, हे निघताना त्याला माहीत असायचं कारण नाही. हाती काही लागेल याची खात्री नसताना तो चालत गेला. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली, ती गाडीतून आली. माणसांनी आखलेला बेत तो, आणि चांगला बेत. पण मला त्या एकट्या चालत आलेल्याचं कौतुक जास्त. यात न्याय नाही, मला कळतं.

आता डावीकडं बघा. नुसतं बघा. पन्हाळ्याच्या मागं डोंगर तेवढेच आहेत, जेवढे तासापूर्वी होते. वाघ दिसणार नाही. पण ती कड आता रिकामी वाटते का?

कागद उचला. तुम्ही दोन महिने लिहिले होते. त्यांच्या खाली आणखी तीन लिहिता आले तर लिहा. नाही आले तर राहू दे, दोनही वाईट नाहीत. वाघ, गवा, सांबर अशी यादी वर कुठं चुकून लिहिली असेल तर खोडू नका, फक्त तिच्या खाली दोन गोष्टी घाला. एक, उतरत्या छपरांची सुरुवात नेमकी कुठं होते ते बघायचं. दोन, ओळीतले आंबे.

उठताना हळू उठा, रात्रभर चाललेल्या गुडघ्यांना एकदम उठवलं की ते रागावतात. खोबरं खाऊन टाका. चपला घालायच्या असतील तर घाला, अनवाणीचा नेम फक्त येतानाचा असतो असं आमच्याकडं तरी मानतात. एसटी खालच्या स्टँडवरून मिळेल. गर्दी असेल, खिडकीची जागा मिळणार नाही.

पुढचा खेटा येत्या रविवारी. पाणी जास्त घ्या, आज गायमुखाच्या अलीकडंच बाटली संपली होती. आणि ते बाबा दिसले तर.